कागद कुठे काढायचा

दसरा. सकाळची पूजा, नौपाड्याचं ऑफिस. हजर: निखिल आणि त्याची बायको, सपोर्टची दोन मुलं, एक मुलगी, मी. भिंतीवर आत्या, फ्रेममध्ये, झेंडूचा हार घालून. फोटोखाली टेबलावर नवा प्रिंटर. त्यालाही हार.

आत्यांना दोन्ही हार आवडले नसते. स्वतःच्या फोटोचं त्यांनी सोडून दिलं असतं, प्रिंटरचं नाही. दसऱ्याच्या आदल्या दिवशी त्या ऑफिसभर फिरून बजावायच्या, "कुंकू लावा, फुलं वाहा, पेढा ठेवा. हलवू मात्र नका. वायर काढलीत तर जोडायला मी येणार नाही." गिऱ्हाइकांनाही फोन करून हेच सांगायच्या. लोक हसायचे. पण त्यामागे कारण होतं. पूजेसाठी यंत्र पुसायचं म्हणून माणसं वायरी काढतात आणि परत लावताना शेजारच्या भोकात लावतात. संगणकाला वाटतं, नवा प्रिंटर आला. तो त्याच नावापुढे 'कॉपी १' लावून नवी नोंद करतो आणि जुना प्रिंटर यादीत नुसता नावाला उरतो. आमचा प्रोग्रॅम त्या जुन्यालाच शोधत बसतो. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे रजा कुणालाच मिळत नसे, ती त्यामुळे.

आत्या म्हणजे निखिलच्या सख्ख्या आत्या. त्याच्या वडिलांनी, अण्णांनी, ही कंपनी काढली. पॅथॉलॉजी लॅबना सॉफ्टवेअर विकायचं. अण्णा विकायचे, आणि ते सॉफ्टवेअर पहिल्या ओळीपासून लिहिलं त्यांच्या धाकट्या बहिणीने. निखिल शाळा सुटली की ऑफिसात येऊन "आत्या, भूक लागली" म्हणायचा. त्यावरून सगळं ऑफिस त्यांना आत्या म्हणायला लागलं आणि मग गिऱ्हाइकंही. कळव्याचे डॉक्टर त्यांच्याहून मोठे, तेही आत्याच म्हणायचे. मी सपोर्टला लागले तेव्हा आत्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "माधुरी, आपल्या सॉफ्टवेअरचं काम एकच. ज्याचा कागद त्याच्या हातात. बाकी सगळी सजावट."

ह्या वाक्यापायी त्यांना ऑफिस सोडावं लागलं. फोटोखालच्या पितळी पाटीवर 'आमचे प्रेरणास्थान' असं कोरलं आहे. म्हणून जे झालं ते क्रमाने लिहून ठेवते.

फोन उचलला की आत्या नमस्कार-चमत्कारात वेळ घालवत नसत. पहिला प्रश्न, "काल काय हलवलंत?" समोरचा म्हणायचा काही नाही. आत्या थांबायच्या. मग समोरून, "म्हणजे, पंखा बसवायला टेबल जरा सरकवलं." दुसरा प्रश्न त्याहून महत्त्वाचा. "कागद निघालाच नाही, की दुसरीकडे निघाला?" निघालाच नाही म्हटलं की त्यांचा आवाज सैल व्हायचा. "मग बसा, चहा घ्या, बघू." दुसरीकडे निघाला म्हटलं की त्या खुर्चीतून उठायच्या. "आधी जा आणि तो उचला. मी फोन धरून आहे. उचललात? कुणी बघितला नाही ना? आता बोला." नवीन पोरांना हे कळायचं नाही. त्यांच्या लेखी न निघालेला कागद ही मोठी तक्रार, कारण गिऱ्हाईक ओरडतं. दुसरीकडे निघालेल्या कागदाबद्दल कुणी ओरडत नाही. ज्याने ओरडायचं त्याला पत्ताच नसतो.

डोंबिवलीच्या एका डॉक्टरांचा फोन आला होता, प्रोग्रॅम गोठला म्हणून. ते तावातावाने बोलत होते, आत्या शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "डॉक्टर, घरी कुणी कागदाचं फाइलमध्ये रूपांतर करणारं काही घातलं का मशीनमध्ये?"

"मुलाने घातलंय. त्याचं काय?"

"तोच आता तुमचा नेहमीचा प्रिंटर होऊन बसलाय. फाइलला नाव काय देऊ, असं विचारतोय बिचारा, पण खिडकीच्या मागे उभा आहे. पुढची खिडकी खाली करा."

डॉक्टरांनी केली. मागे बावीस वेळा दाबलेल्या बटणाच्या बावीस खिडक्या उभ्या होत्या. "प्रत्येकाला नाही म्हणा," आत्या म्हणाल्या, "घाईत एकाला हो म्हणू नका, लग्नासारखं आहे."

त्यांच्या टेबलाखाली तपासणीसाठी निरनिराळे प्रिंटर असायचे, बहुतेक भंगारात काढलेले. संगणकात त्यांना नावं द्यावी लागतात. आत्यांनी ती माणसांची दिली होती. एक 'मोठ्या वहिनी', सतत कागद अडकवणारा. एक 'धाकटी जाऊ', यादीत दिसायचा, चालू असायचा, आणि काम सांगितलं की गप्प. तिसरा 'नणंद', आत्यांनी स्वतःवरूनच ठेवलेलं नाव. तो जुना, आवाज करणारा, पण पान वाकडं निघालं तर थांबायचा. ऑफिसात अधूनमधून ऐकू यायचं, "धाकटी जाऊ आज बंद ठेवा गं, बघू प्रोग्रॅम कुणाकडे जातो ते." त्यांच्या दोन्ही खऱ्या जावा आत्यांच्या घराजवळ, डोंबिवलीतच राहायच्या आणि त्यांना हे माहीत होतं. एकीने मला आत्या गेल्यानंतरच्या दिवसांत सांगितलं, "आमच्यापेक्षा त्या प्रिंटरशी जास्त बोलायची ती."

आणखी एक प्रसंग. सपोर्टच्या एका मुलाने इथून कल्याणच्या लॅबचा संगणक उघडला होता, तिथली चूक शोधायला. तेवढ्यात तिकडच्या माणसाने छापायचं बटण दाबलं, आणि कल्याणच्या कुणा गृहस्थांचा रिपोर्ट आमच्या नौपाड्याच्या प्रिंटरमधून सरसरत बाहेर आला. पोरं हसायला लागली. एकाने उचलून वाचायला घेतला, "बघा, काकांची शुगर..." आत्यांनी त्याच्या हातातून कागद घेतला. न वाचता, कोरी बाजू बाहेर ठेवून, घडी घातली, फाडली, पुन्हा फाडली. मग स्वतः कल्याणला फोन लावून काय घडलं ते सांगितलं आणि क्षमा मागितली. त्या मुलाला एवढंच म्हणाल्या, "तुझ्या वडिलांची शुगर किती आहे रे? सांग ना सगळ्यांना." तिकडचा कागद इकडे निघायची ती सोय त्यांनी त्याच दिवशी बंद केली. तो मुलगा आता निखिलचा उजवा हात आहे.

आता पडद्यावरच्या पाटीबद्दल. आत्यांच्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक लॅबला ठरवता यायचं की बिल कुठल्या प्रिंटरवर निघेल आणि रिपोर्ट कुठल्या. ठरवलेला प्रिंटर जागेवर नसला की बाकीचे प्रोग्रॅम मुकाट्याने संगणकाच्या नेहमीच्या प्रिंटरवर छापून मोकळे होतात. आत्यांचा थांबायचा. पडद्याच्या मधोमध पाटी यायची: 'ठरवलेला प्रिंटर सापडत नाही. कागद कुठे काढायचा?' खाली प्रिंटरांची यादी, आणि त्यातलं एकही नाव आधीपासून निवडलेलं नसायचं. त्यामुळे नुसतं एंटर दाबून पाटी जात नसे. वाचावं लागे, हाताने निवडावं लागे. लोक ह्या पाटीला शिव्या घालायचे. कळव्याच्या लॅबच्या काउंटरवर संगीता नावाची मुलगी होती, तोंडाने फटकळ, कामाला चोख. ती आठवड्यातून एकदा तरी फोन करायची. "आत्या, तुमची पाटी आलीय परत. समोर दहा पेशंट उभे आहेत आणि ही विचारतेय कुठे काढू. तुमच्या डोक्यावर काढ म्हणू का?"

"म्हण," आत्या म्हणायच्या, "पण निवडून म्हण."

अण्णा होते तोवर पाटी सुरक्षित होती. अण्णा गेले, निखिल खुर्चीत बसला. मुलगा वाईट नाही, हे मी आजही म्हणेन. त्याला धंदा वाढवायचा होता. त्याने गिऱ्हाइकांच्या तक्रारी एकत्र करायला सांगितल्या. त्या मीच केल्या, आणि पाटी पहिल्या क्रमांकावर आली. निखिलने मीटिंगमध्ये आत्यांना सांगितलं, "आत्या, ही पाटी काढून टाक. प्रिंटर नाही सापडला तर जो डिफॉल्ट असेल त्यावर जाऊ दे. यूजरचा अनुभव म्हणून काही असतं."

"असतो ना. ज्याचा कागद चुकीच्या हातात जातो त्यालाही अनुभव येतो."

"किती वेळा झालंय असं आजपर्यंत?"

"एकदाही नाही. पाटी आहे म्हणून."

"म्हणजे पुरावा नाहीच."

आत्यांनी पाटी काढली नाही. निखिलने त्या कल्याणच्या कागदावर हसलेल्या मुलाकडून ती काढून घेतली आणि पुढच्या आवृत्तीत सगळीकडे पाठवली. आत्यांना हे सांगितलंही नाही. त्यांना कळलं ते फोन कमी झाल्यावरून. माझ्या टेबलाशी येऊन म्हणाल्या, "संगीताचा फोन नाही आला बऱ्याच दिवसांत. आजारी आहे का गं?" मी सांगितलं. त्या तडक निखिलच्या केबिनमध्ये गेल्या. काचेतून दिसत होतं, ऐकू येत नव्हतं. बाहेर आल्या तेव्हा म्हणाल्या, "तो म्हणतो, गिऱ्हाइकं खूश आहेत. खरं आहे. सध्या तरी आहेत."

मग दसरा आला. कळव्याच्या लॅबमध्ये सगळं पुसून, हार घालून, परत जोडलं. वरच्या मजल्यावरचा प्रिंटर, ज्यावर रिपोर्ट निघायचे, शेजारच्या भोकात गेला. प्रोग्रॅमला तो सापडेना. त्याने कुणाला काही न विचारता रिपोर्ट खाली काउंटरवर काढला. काउंटरच्या प्रिंटरमधून फक्त बिलं येतात हे संगीताच्या हाताला इतकं पाठ होतं की आलेलं पान ती न बघता पिन करून समोरच्याला द्यायची. तिने दिलं. एका मुलीचा रिपोर्ट, जो डॉक्टर तिला आत बोलावून देणार होते, तो दुसऱ्याच एका बाईंच्या बिलामागे पिन होऊन गेला. त्या बाई मुलीच्याच बिल्डिंगमधल्या. रिपोर्ट कसला होता ते मी लिहिणार नाही. आत्यांनीही विचारलं नाही. संध्याकाळपर्यंत जिन्याजिन्यावर बोलणं झालं होतं. मुलीचं लग्न ठरलेलं होतं, ते आठवडाभरात मोडलं. घरच्यांनी कळवा सोडला.

डॉक्टर नौपाड्याला आले. खोलीत ते, निखिल, आत्या, मी. डॉक्टर रागातच होते. निखिल म्हणाला, "डॉक्टर, छपाईचा हा भाग खूप जुना आहे. आत्याने लिहिलेला. आम्ही तो बदलायच्याच विचारात होतो."

मी म्हटलं, "ह्या भागात थांबून विचारायची सोय होती. ती ह्या वर्षी आपण काढली, निखिल. आत्यांनी विरोध केला होता."

"माधुरी मॅडम सपोर्ट बघतात, टेक्निकल नाहीत," निखिल डॉक्टरांना म्हणाला.

डॉक्टर आत्यांकडे वळले. "तुम्ही सांगा."

आत्यांनी विचारलं, "तो कागद परत आला का?"

"कागदाचं काय घेऊन बसलात आत्या? पोरीचं आयुष्य..."

"तेच विचारतेय. कागद अजून त्या बाईंच्या घरात आहे का? तो आधी आणा. आज आणा."

कागद आणायचं कुणाला सुचलंच नव्हतं. डॉक्टरांनी तिथूनच फोन लावला. फोन संपल्यावर आत्या म्हणाल्या, "प्रोग्रॅम माझा आहे. आत कोण काय करून गेलं तो आमच्या घरातला प्रश्न. तुमच्यासाठी चूक माझी."

मला वाटलं निखिल आता तरी तोंड उघडेल. तो खाली मान घालून बसला होता. ती लाज होती की सुटका, हे मी बरेच दिवस स्वतःला विचारत होते. आठवड्याने उत्तर मिळालं. त्याने सगळ्या गिऱ्हाइकांना कळवायचा मजकूर तयार केला: संबंधित ज्येष्ठ व्यक्तीला कामातून मुक्त करण्यात आले आहे. मला तो फोनवर वाचून दाखवायला सांगितला. मी नाही म्हटलं. दुसऱ्याने वाचला. एका घरातली माणसं एकमेकांना असं 'संबंधित व्यक्ती' म्हणतात, हे मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

ऑफिस सोडून निघालेल्या आत्यांना मी जिन्यात गाठलं. "तुम्ही का घेतलंत अंगावर?"

"तू कशाला बोललीस पण? तुझं घर चालतं ह्याच्यावर."

"खरं होतं ते."

"होतं. पण अण्णाच्या पोराला परक्या माणसासमोर उघडं पाडायला माझी जीभ वळली नाही. ह्याला शहाणपणा म्हणू नकोस, सवय आहे ती. कंपनीच्या कागदांवर माझं नाव कुठे आहे का, हेही मी कधी विचारलं नाही. भावाला काय विचारायचं, असं वाटायचं." मग म्हणाल्या, "विचारायला हवं होतं. माझा प्रोग्रॅम विचारायचा, मी नाही विचारलं."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी रिक्षाने कळव्याला गेलो. मुलीच्या घरी जावं असं मला वाटत होतं. आत्यांनी रिक्षा लॅबपाशीच थांबवली. "आता तिथे कुणी राहत नाही. आणि आपण दोघी बिल्डिंगखाली उभ्या राहिलो की ज्यांना विसर पडला असेल त्यांनाही आठवेल." लॅबमध्ये संगीता नव्हती. तिला काढलं होतं. ती बाजूच्या मेडिकलच्या पायरीवर भेटली, राहिलेला पगार घ्यायला आली होती. आत्यांना बघून उठली.

"मला वाटलं तुम्ही ओरडायला आलात."

"ओरडू कशाला? तू हाताला पाठ झालेलं काम केलंस."

"पाटी यायची तेव्हा मीच शिव्या घालायचे आत्या. ती बंद झाली तर पेढे वाटले आम्ही काउंटरवर. खरंच वाटले."

"चांगले होते का?"

संगीता हसली आणि लगेच रडायला लागली. आत्या तिच्या शेजारी पायरीवर बसल्या. मेडिकलवाला म्हणाला, गिऱ्हाइकाला वाट द्या. त्या सरकल्या, उठल्या नाहीत.

आत्यांनी निखिलकडे एकच मागणी केली होती, पाटी सगळीकडे परत बसवावी. "हो, हो, पुढच्या आवृत्तीत," तो म्हणाला. पुढच्या आवृत्तीत पडद्याचे रंग बदलले. पाटी नव्हती. मग आत्यांनी डोंबिवलीच्या घरी बसून, नव्या प्रोग्रॅमला धक्का न लावता, वेगळा छोटा तुकडा लिहिला. छापायच्या आधी तो प्रिंटर तपासायचा आणि नसेल तर थांबवून विचारायचा. तपासायला घरी 'नणंद' नेला होता, तेवढा एकच. पेन ड्राइव्ह माझ्या हातात देताना म्हणाल्या, "मी आता कुणाच्या दारात गेले तर मला आत घेणार नाहीत. तू जा."

मी गेले. ठाण्यातली, कळव्यातली, कल्याणची, डोंबिवलीची गिऱ्हाइकं मी एकेक करून पूर्ण केली, कधी कामाच्या नावाखाली, कधी रविवारी. निखिलला माहीत आहे. तो काही बोलत नाही, कारण त्यानंतर त्याला तसा दुसरा डॉक्टर समोर बसवून घ्यावा लागलेला नाही. नव्या माहितीपत्रकात ती सोय त्याने 'गोपनीयता सुरक्षा' म्हणून छापली आहे. आत्यांचं नाव नाही.

आत्या आजारी पडल्या तेव्हा मी डोंबिवलीला जायचे. त्या बऱ्या होणार नाहीत हे त्यांना ठाऊक होतं, आणि तब्येतीवर बोललेलं त्यांना चालत नसे. बसले की विचारायच्या, "कुठे कुठे झालं?" मी सांगायचे. शेवटी शेवटी बोलणं तुटक झालं होतं. तरी एकदा मनगट धरून म्हणाल्या, "ठाकुर्ली?"

मी म्हटलं, "राहिलंय."

त्यांनी डोळे मिटले. मी खोटं सांगायला हवं होतं असं नंतर त्यांच्या धाकट्या जाऊबाई मला म्हणाल्या. मला नाही तसं वाटत. आत्यांना खोटं कळलं असतं.

निखिल शेवटच्या दिवशी आला, पायाशी बसून रडला, पेपरात फोटो दिला. ते रडणंही खरं होतं, अशी माझी खात्री आहे. त्याने काय होतं, ते मला माहीत नाही.

ठाकुर्लीचा दवाखाना छोटा आहे. डॉक्टर म्हातारे, त्यांच्या केबिनमध्ये रिपोर्टचा एक प्रिंटर, बाहेर कंपाउंडरपाशी बिलांचा दुसरा. रक्त तपासून रिपोर्ट तिथेच देतात. त्यांनी आमची वर्षाची देखभाल बंद केली आहे, म्हणून निखिल म्हणतो, तिकडे जायचं नाही. मी माझ्या वेळेत गेले होते. डॉक्टरांनी मशीनला हात लावू दिला नाही. "चालतंय ना बाई? चालत्याला हात लावू नये." मी कळव्याचं सांगितलं, नावं न घेता. ते म्हणाले, "आमच्याकडे सगळी ओळखीचीच माणसं येतात." मी म्हटलं, तेच तर.

परवा पुन्हा फोन केला. कंपाउंडरने उचलला.

"रिपोर्ट व्यवस्थित निघतायत का?"

"एकदम मस्त मॅडम, काही टेन्शन नाही."

"कुठे निघतायत?"

"आता सगळे बाहेरच येतात ना. बाकड्याजवळ. पेशंट आपापला उचलून घेतात, मलापण उठायला नको."

डॉक्टरांना फोन द्या म्हटलं. डॉक्टर व्हिजिटला गेलेत, दिवाळीनंतर करा, म्हणाला. पेन ड्राइव्ह माझ्या पर्समध्ये आहे. ठाकुर्ली बाकी आहे.